जुन्या लेथला टेपर अटॅचमेंट

लेथवर टेपर, म्हणजे लांबीबरोबर एकसारखा निमुळता होत जाणारा भाग, कातण्याच्या तीन रीती रूढ आहेत. कंपाउंड स्लाइड हव्या त्या कोनात फिरवून हाताने कातता येते, पण तिची धाव मुळातच तोकडी. दुसरी रीत टेलस्टॉक आडवा सरकवण्याची. १:२० टेपरच्या ३०० मि.मी. लांब जॉबसाठी तो ७.५ मि.मी. सरकवावा लागतो. मग दोन्ही सेंटर जॉबच्या भोकांत तिरपे बसतात आणि भोके झिजतात. जॉबची लांबी बदलली की हिशेबही बदलतो. चकमध्ये धरलेल्या जॉबला आतून टेपर बोअर करणे तर या रीतीने जमतच नाही. काम संपल्यावर टेलस्टॉक पुन्हा नेमका मध्यावर आणण्याची कटकट उरते ती वेगळीच. तिसरी रीत टेपर अटॅचमेंटची, आणि लांब टेपरसाठी तिला तोड नाही.

तिची रचना साधी आहे. बेडच्या मागच्या बाजूला एक सरळ गाईड बार असतो. तो मधल्या खिळीभोवती थोडा फिरवून हव्या कोनात घट्ट करता येतो. त्यावर एक ठोकळा सरकतो आणि तो क्रॉस स्लाइडला जोडलेला असतो. सॅडल बेडवरून पुढे जाते, बार मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे ठोकळा तिरक्या वाटेने जातो आणि हत्याराला तेवढेच आत-बाहेर नेतो. बार धरून ठेवणारी पकड बेडवर आवळलेली असते. ती ढिली केली की सगळी जोडणी सॅडलबरोबर फिरते आणि लेथ पुन्हा सरळ कातू लागतो. बहुतेक अटॅचमेंट एका बाजूला सुमारे १० अंशांपर्यंतच वळतात; त्याहून उभा टेपर कंपाउंड स्लाइडनेच काढावा.

लहान लेथ विकताना अटॅचमेंट बहुधा जादा पैशांची वस्तू असे. अमेरिकेत इंडियाना राज्यात ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या साउथ बेंड कंपनीचे लेथही त्याला अपवाद नव्हते. म्हणूनच असे कितीतरी जुने लेथ अटॅचमेंटशिवायच कारखान्याबाहेर पडले, आणि ती नंतर बसवण्याचा प्रश्न उभा राहतो.

पहिली अडचण क्रॉस स्लाइडच्या स्क्रूची. हा स्क्रू स्लाइडला जागच्या जागी धरून ठेवतो, त्यामुळे ठोकळ्याने ओढले तरी ती हलत नाही. टेलिस्कोपिक प्रकारात स्क्रू आतून पोकळ असतो, त्यात चावी बसवलेला दांडा सरकतो. स्क्रू आणि नट स्लाइडबरोबर मागे-पुढे होतात आणि हँडल मात्र जागेवर राहते. वापरायला हा प्रकार सुखाचा, कारण काप नेहमीच्या हँडलनेच देता येतो. पण नवा स्क्रू घडवताना बारीक दांड्यात लांब, सरळ भोक पाडून आत चावीची खाच करणे हे लहान वर्कशॉपच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. साध्या प्रकारात नटचा बोल्ट सोडून स्लाइड मोकळी करतात, तिच्या मागच्या टोकाला दांड्याने ठोकळा जोडतात आणि काप देण्यासाठी कंपाउंड स्लाइड ९० अंशांत वळवतात. पकड थोडी कमी होते खरी, तरी जुन्या लेथला हाच प्रकार शहाणपणाचा.

दुसरी अडचण सॅडलच्या पाठीची. अटॅचमेंट बसणार नाही असे गृहीत धरून ओतलेल्या सॅडलचा मागचा पृष्ठभाग अनेकदा मशिन केलेलाच नसतो. सॅडल उतरवून, बेडवर बसणाऱ्या तिच्या व्ही खाचांचाच आधार धरून तो मिलिंगवर सपाट करावा लागतो, आणि टॅप मारण्याआधी तिथल्या बिडाची जाडी पाहावी लागते. या पृष्ठभागावर बसणारे अटॅचमेंटचे ब्रॅकेट उभ्या दिशेत बेडला समांतर नसेल तर ठोकळा एका टोकाला अडकतो. दुसऱ्या मॉडेलची जुनी अटॅचमेंट स्वस्तात मिळाली तरी तिची उंची सहसा जुळत नाही.

बसवल्यावर खरी परीक्षा कोनाची. मोर्स टेपर क्रमांक २ चे प्रमाण १:२०.०२० आणि क्रमांक ३ चे १:१९.९२२. एका बाजूचा कोन पहिल्याचा १ अंश २५ मिनिटे ५० सेकंद, दुसऱ्याचा १ अंश २६ मिनिटे १६ सेकंद. बारवरच्या अंशांच्या खुणांवर हा फरक दिसणे अशक्य आहे. १०० मि.मी. धावेत हत्यार पहिल्यासाठी २.४९८ मि.मी. सरकते, दुसऱ्यासाठी २.५१० मि.मी. म्हणून खुणा फक्त अंदाजाला; शेवटची मांडणी डायल इंडिकेटरने. चांगला तयार मँड्रेल सेंटरमध्ये धरून, टूल पोस्टवर लावलेला डायल हत्याराच्याच उंचीवर त्याच्या अंगावरून फिरवावा आणि काटा स्थिर राहीपर्यंत बार टिचकी मारत सरकवावा.

हत्याराचे टोक नेमके सेंटरच्या उंचीवर हवे. सरळ कातताना थोडे वर-खाली चालून जाते. टेपरवर मात्र बाजू सरळ न राहता किंचित आत वळते. जुन्या बेडची हेडस्टॉकजवळ झीज जास्त असते. तिथे सॅडल खाली बसते आणि हत्याराची उंचीही बदलते. हा दोष कोणतीही अटॅचमेंट भरून काढत नाही.

सांध्यांतला ढिलेपणा हा या जोडणीचा कायमचा शत्रू. ठोकळा, त्याची खिळी, जोडदांडा असा प्रत्येक सांधा थोडा थोडा हलतो, आणि त्यामुळे कापाच्या सुरुवातीचा तुकडा टेपरऐवजी सरळ निघतो. हत्यार जॉबच्या टोकाबाहेर १०-१५ मि.मी. मागे नेऊन चाल सुरू केली की जॉबला स्पर्श होण्याआधीच ढिलेपणा संपतो. उलट दिशेने काप घेऊ नये. पूर्ण झालेल्या टेपरवर प्रशियन ब्लूची एक बारीक रेघ ओढून तो सॉकेटमध्ये किंचित फिरवला की कुठे टेकतो ते कळते. निळा रंग एकाच टोकाला पुसला गेला तर कोन अजून चुकलेला आहे.

पाइपच्या टेपर आट्यांचे प्रमाण १:१६. ते पाडतानाही ही जोडणीच कामाची, कारण टेलस्टॉक सरकवून पाडलेले आटे वेडेवाकडे निघतात. फक्त हत्यार टेपरच्या उताराला नव्हे, जॉबच्या अक्षाला काटकोनात लावायचे.