नभोवाणी-पत्रकाराची पात्रता : परवाना, अधिस्वीकृती आणि प्रत्यायन

पत्रकारांच्या संदर्भात ‘मान्यता’ हा शब्द आपल्याकडे इतक्या सैलपणे योजला जातो की, त्यामागील तीन भिन्न कल्पनांची सरमिसळ होते. पहिली कल्पना परवान्याची, म्हणजे नोंदणीवाचून व्यवसायच करता येऊ नये, ही. दुसरी अधिस्वीकृतीची, ती शासनाकडून पत्रकारास मिळते. तिसरी प्रत्यायनाची, तीत व्यक्तीची नव्हे, तर तिला शिकविणाऱ्या अभ्यासक्रमाची पारख होते. नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील वृत्तव्यवसायात प्रवेश करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नाही. वर्ष-दोन वर्षे आणि बराच पैसा खर्चून त्याने मिळविलेल्या पदविकेचे मोल या भेदावर अवलंबून असते.

प्रथम परवान्याचा विचार करू. वैद्य व वकील यांना नोंदणी आवश्यक, मग पत्रकारास का नको, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. कोस्टा रिका या देशात असा कायदाच होता. पत्रकारांच्या अधिकृत संघाचे सदस्यत्व नसलेल्यास तेथे वृत्तव्यवसाय करता येत नसे. या कायद्यासंबंधी आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९८५ रोजी आपले मत दिले आणि अशी सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरविली. न्यायालयाची भूमिका थोडक्यात अशी : वकिली हा एक व्यवसाय आहे, परंतु वार्ता मिळविणे व ती इतरांस सांगणे हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्कच होय, आणि पत्रकार तोच हक्क व्यवसाय म्हणून बजावीत असतो. आपल्या राज्यघटनेच्या १९ (१) (अ) या अनुच्छेदाचा आशयही यापासून दूर नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. लहरी मर्यादित असल्याने प्रक्षेपण-केंद्रास परवाना लागतो, हे त्यामुळे समर्थनीय ठरते. परंतु केंद्रास परवाना लागतो म्हणून केंद्रावरून बोलणाऱ्या पत्रकारासही तो लागावा, असे मात्र त्यातून निष्पन्न होत नाही.

अधिस्वीकृतीचे स्वरूप याहून निराळे आहे. जो आधीच पत्रकार म्हणून काम करीत आहे, त्यास मंत्रालयात, विधिमंडळात वा पत्रपरिषदेस सुकरतेने प्रवेश मिळावा, यासाठी दिलेले ते ओळखपत्र होय. ते सेवेच्या वर्षांवर व नियुक्तीवर अवलंबून असते. धारकास वृत्त नीट लिहिता येते किंवा नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही. यास्तव नवशिक्या विद्यार्थ्यास त्याचा उपयोग नाही, आणि ते गुणवत्तेचे प्रमाणपत्र मानणेही चुकीचे आहे.

राहिली तिसरी कल्पना. तिचे उदाहरण म्हणून ब्रिटनकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे १९४७ ते १९४९ या काळात वृत्तपत्रविषयक राजआयोगाने काम केले. त्यानंतर १९५१ साली पत्रकारांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्या डोळ्यांसमोर मुख्यतः वृत्तपत्रे होती, आणि मिनिटाला १०० शब्दांचे लघुलेखन ही तिची प्रसिद्ध कसोटी ठरली. पुढे १९६७ साली लेस्टर येथे बीबीसीचे पहिले स्थानिक नभोवाणी-केंद्र सुरू झाले, आणि १९७३ साली व्यापारी स्थानिक केंद्रांचा आरंभ झाला. नभोवाणीस बातमीदार हवे होते; परंतु वृत्तपत्रांची शिस्त त्यांना पुरेशी नव्हती. या गरजेतून प्रक्षेपण-संस्था व शिक्षणसंस्था यांची एक संयुक्त यंत्रणा आकारास आली. आज ती ‘ब्रॉडकास्ट जर्नलिझम ट्रेनिंग कौन्सिल’ या नावाने ओळखली जाते.

ही परिषद कोणत्याही व्यक्तीस परवाना देत नाही. ती अभ्यासक्रम पाहते. व्यवसायातील अनुभवी मंडळी व अध्यापक यांचे पथक संस्थेस भेट देते, विद्यार्थ्यांशी बोलते आणि उपकरणे व अध्यापकांचा प्रत्यक्ष अनुभव तपासते. तिच्या अपेक्षांत दोन गोष्टींना विशेष महत्त्व आहे. एक, ‘वार्तादिन’ : या दिवशी वर्गाचे वृत्तकक्षात रूपांतर होते, आणि ठरलेल्या क्षणी वार्तापत्र सादर करावेच लागते. दुसरी, प्रत्यक्ष प्रक्षेपण-संस्थेतील उमेदवारी.

असा आग्रह का, हे या माध्यमाच्या स्वभावावरून कळते. इंग्रजी वृत्तनिवेदनात सेकंदाला सुमारे तीन शब्द असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या बातमीस नव्वद शब्द मिळतात. श्रोत्यास मागची ओळ पुन्हा वाचता येत नाही. थेट प्रक्षेपणात चूक सुधारण्यास उपसंपादकही नसतो. म्हणूनच कायद्याचे ज्ञान तेथे अधिक निकडीचे ठरते. इंग्लंडमधील १९८१ च्या न्यायालय-अवमान कायद्यानुसार चालू खटल्यास गंभीर बाध आणणारे प्रकाशन, हेतू निर्दोष असला तरी, दोषास्पद ठरू शकते. १९२५ च्या कायद्याने न्यायालयात छायाचित्रण निषिद्ध केले. अलीकडे त्यास काही अपवाद झाले असले, तरी सामान्य सुनावणीत चित्रवाणीच्या बातमीदारालाही वही व लेखणी यांवरच विसंबावे लागते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही ध्यानात घेणे अवश्य आहे. प्रत्यायन ऐच्छिक आहे. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाच्या, किंबहुना कोणताही अभ्यासक्रम न केलेल्या उमेदवारासही नोकरी देण्यास संपादक मोकळा असतो. सारी शक्ती नियोक्त्यांच्या विश्वासात आहे. शिवाय विनावेतन उमेदवारी ज्यास परवडते, त्याचाच मार्ग सुकर होण्याचा धोका त्यात आहे. परंतु हाच ऐच्छिकपणा तिला परवान्यापासून वेगळे ठेवतो. मापदंड असावा, पण तो दार बंद करण्याचे साधन होऊ नये, असा हा तोल आहे.

आपल्याकडील परिस्थिती काय आहे? विद्यापीठीय पदव्या अनुदान आयोगाच्या चौकटीत दिल्या जातात. १९९४ साली स्थापन झालेली ‘नॅक’ ही परिषद संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते. भारतीय जनसंचार संस्था १९६५ पासून दिल्लीत कार्य करीत आहे. परंतु वार्तादिन किती झाले, ध्वनिमुद्रण कोणी तपासले, असे प्रश्न अभ्यासक्रमागणिक विचारणे हे या सर्वसाधारण मूल्यमापनाचे प्रयोजन नव्हे. त्यात आणखी एक अडचण आहे. समुदाय नभोवाणीसंबंधीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःच्या वार्ता देण्यास मज्जाव करण्यात आला; खाजगी एफ.एम. केंद्रांना २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी ऐकविण्यापुरतीच मुभा दिली. परिणामी ज्या विद्यापीठापाशी स्वतःचे केंद्र आहे, तेथेही विद्यार्थ्याचा वार्तासराव बहुधा वर्गाच्या चार भिंतींतच राहतो.

मराठीच्या गरजांचा विचार तर स्वतंत्रपणेच व्हावयास हवा. ‘२.५ कोटी’ हे अक्षर पाहून ‘अडीच कोटी’ असे सहज म्हणता येणे, इंग्रजी वृत्ताचा अनुवाद कानास मराठी वाटेल असा करणे, गावांची नावे तेथील लोक उच्चारतात तशी उच्चारणे, ही कौशल्ये परदेशी मापदंडांत सापडणार नाहीत. ती आपणच ठरविली पाहिजेत.

तात्पर्य, पात्रतेची कसोटी प्रथम संस्थेस लावावी, विद्यार्थ्यास मागाहून. तशी यंत्रणा उभी राहीपर्यंत प्रवेशेच्छू विद्यार्थ्याने व त्याच्या पालकांनी संस्थेस चार प्रश्न अवश्य विचारावेत : वर्षाकाठी वार्तादिन किती होतात? शिकविणाऱ्यांपैकी वृत्तकक्षात कोणी काम केले आहे? कायद्याची स्वतंत्र परीक्षा आहे काय? आणि उमेदवारी कोठे व किती दिवसांची? यांची उत्तरे जी संस्था लेखी देईल, तिच्या पदविकेवर विश्वास ठेवण्यास काही आधार आहे, असे म्हणता येईल.