एकट्याने घोडा सांभाळताना

बडोद्याच्या राजघराण्याची घोड्यांची आवड एके काळी सातासमुद्रापलीकडे ठाऊक होती. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली इंग्लंडात एक शिंगरू २८,००० गिनी देऊन विकत घेतले. 'सयाजीराव' या नावाने धावलेल्या त्या घोड्याने १९४७ साली तेथील सेंट लेजर ही मानाची शर्यत जिंकली. अशा घोड्याच्या दिमतीस मोतद्दार असतो, नालबंद असतो, वैद्य असतो. एकाने मोहरकी धरावी आणि दुसऱ्याने खूर उचलावा, अशी कामाची वाटणी असते.

परंतु पादरा, डभोई, वाघोडिया या बाजूंच्या खेड्यांत ज्याच्या दारी एखादी घोडी असते, त्याची गोष्ट निराळी आहे. वरातीसाठी म्हणा, हौसेखातर म्हणा, तो तिला पाळतो आणि पहाटे व रात्री एकटाच तिची उस्तवारी करतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथून जनावर घेऊन परतणारा खानदेशातील शेतकरीही पुढे बहुधा एकटाच असतो. पागेतील तो दुसरा माणूस येथे नाही. त्याची उणीव कशी भरून काढावी, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम घोड्याचा स्वभाव समजून घेऊ. घोडा हा मुळात पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. भय वाटताच तो आधी उधळतो आणि मग मागे वळून पाहतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे जवळजवळ सभोवतालचे त्याला दिसते. मात्र शेपटीच्या सरळ मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे अशा दोन जागा त्याच्या दृष्टीआड राहतात. घोड्याच्या पिछाडीस जाऊ नये, असे जुनी माणसे सांगत, त्याचे कारण हेच होय. म्हणून जवळ जाताना त्याच्या खांद्याच्या बाजूने जावे आणि जाण्यापूर्वी त्यास हाक मारावी. मागून पलीकडे जाणे प्राप्तच असेल, तर आठ-दहा हात दूर राहून जावे. तितकी जागा नसेल, तर त्याच्या पाठीवर हात ठेवून, बोलत बोलत, अंगाला अगदी लगटून जावे. लाथेचा खरा जोर बसतो तो मधल्या अंतरावर.

घोड्याचे कान हे त्याच्या मनाचे आरसे आहेत. ते मागे मानेशी चिकटले, शेपटी फटकारू लागली किंवा मागचा पाय उचलला गेला, की हातातील खरारा खाली ठेवून दोन पावले मागे सरावे. आपल्याकडील काठेवाडी घोड्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांस भिडतात. ती त्याच्या जातीची खूण आहे. तिला राग समजू नये.

आता दोराविषयी. मी नववीत असताना सुट्टीत मामांकडे गेलो होतो. मामा बाजारास गेले असता घोडीला पाणी दाखवावयास मी एकटाच निघालो आणि दोर निसटू नये म्हणून तो तळहाताला दोन वेढे देऊन गुंडाळला. वाटेत वाऱ्याने एक गोणपाट फडफडले, घोडी बुजली आणि मी वीसेक पावले फरफटत गेलो. दैवयोगाने वेढे सुटले, म्हणून दोन बोटांच्या सालींवर निभावले. संध्याकाळी मामा रागावले नाहीत. औषध लावता लावता ते एवढेच म्हणाले, "अरे, घोडी सुटली तर सापडेल, हात गेला तर कोठून आणू?" तेव्हापासून दोर मी घड्या घालून मुठीत धरतो; हाताला किंवा कमरेला तो कधीही गुंडाळत नाही.

बांधतानाही निरगाठ मारू नये. एका ओढीत सुटेल अशी सुरगाठ मारावी, म्हणजे जनावर अडकून धडपडू लागले तर दुरूनच मोकळे करता येते. खांब भक्कम असावा आणि गाठ घोड्याच्या छातीहून उंच असावी. तबेल्यात काम करताना आपण सदैव दाराच्या बाजूस उभे राहावे. भिंत आणि घोडा यांच्यामध्ये सापडू नये. खूर साफ करताना जमिनीवर बसू नये किंवा गुडघे टेकू नयेत. वाकून उभे राहावे, म्हणजे वेळ पडल्यास बाजूस उडी घेता येते. पायात चप्पल नको, जाड जोडा हवा. घोड्यावर बसावयाचे असेल, तर डोक्यास शिरस्त्राण हवेच.

आपल्या भागातील आणखी एक संकट पाण्यातले आहे. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि २०१९ व २०२४ सालच्या पुरांत त्या थेट वस्तीत शिरल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. सबब नदीच्या किंवा मगर असलेल्या तळ्याच्या काठी घोडा एकट्याने नेऊ नये; विहिरीचे अथवा नळाचे पाणी बादलीत भरून ठाणावरच पाजावे. आभाळात विजा कडाडू लागल्या, तर उघड्या माळावर घोडा आणावयास धावू नये आणि झाडाखालीही थांबू नये.

जखम लहान असली तरी ती हयगय करण्याजोगी नसते. लीद व माती यांत धनुर्वाताचे जंतू असतात. म्हणून जखम साबणाने धुऊन डॉक्टरांकडून लस घ्यावी. घोडा अकस्मात विचित्र वागू लागला, लाळ गाळू लागला किंवा त्याच्या नाकातून पू येऊ लागला, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. पिसाळ रोग आणि ग्लँडर्स हे घोड्यापासून माणसासही होतात. अशा वेळी १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यास बोलवावे. माणसास इजा झाली, तर १०८ क्रमांक आहे.

तथापि या सर्वांहून सोपी आणि सर्वांत अधिक विसरली जाणारी गोष्ट एकच आहे. घरातून निघताना कोणास तरी सांगून निघावे: "मी घोडीकडे जातो आहे, तासाभरात येईन, न आलो तर पाहावयास या." मोबाईल खोगिराच्या पिशवीत न ठेवता आपल्या खिशात ठेवावा, घोडा उधळला तर पिशवी त्याच्याबरोबर जाते आणि आपण जमिनीवर पडून राहतो.

महाभारतात नकुलाने विराटाच्या घरी 'ग्रंथिक' या नावाने घोडे सांभाळले. राजपुत्रास हे काम हलके वाटले नाही. आपणांसही त्यातील सावधगिरी हलकी वाटू नये. घोड्यावर प्रेम करणाऱ्याने आपल्या जीवाचीही काळजी घ्यावी. कारण दुसऱ्या दिवशी पहाटे तोबरा घेऊन त्याच्याजवळ जाणारे हात त्याचेच असतात.