सुपारीचे कोडे कसे घडते

हरिहरेश्वर-श्रीवर्धनच्या किनारपट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्यांची दाटी असल्यामुळे कोडे रचणाऱ्याला विषय शोधत हिंडावे लागत नाही; मात्र रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू शब्दांत दडवणे हेच त्याचे खरे कसब असते. संस्कृत काव्यशास्त्रात कोड्याला 'प्रहेलिका' म्हणतात. दंडीने 'काव्यादर्शा'त तिचे 16 प्रकार सांगितले असून, त्यांतील 'समागता' शब्दांच्या संधीआड अर्थ झाकते, तर 'वंचिता' शब्दाचा भलताच रूढ अर्थ पुढे करून चकवते. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त मात्र ती रसाला बाधक ठरते म्हणून तिला अलंकारांत जागाच नाकारली. त्याने लोकांच्या ओटीवरची कोडी बहुधा विचारात घेतली नसावीत.

श्रीवर्धनच्या प्रसिद्ध 'रोठा' सुपारीवर 'पाटावर बसता देव झाली, पानात शिरता चूर झाली' अशी जोडओळ रचता येईल. पूजेत सुपारी गणपती म्हणून मांडतात, हा पहिल्या चरणाचा आधार. पण दुसऱ्यातील 'पानात' हा शब्द विड्याची आठवण देऊन उत्तर फोडतो, म्हणून तेथे 'दातांत येता' असा बदल करावा लागतो. आता नारळ हेही उत्तर चालेल अशी शंका येते, कारण त्याचीही पूजा होते आणि तोही खाल्ला जातो. पण 'झाली' या क्रियापदातील स्त्रीलिंग नारळाला आणि हळकुंडाला परस्पर बाद करते. खारीक स्त्रीलिंगी खरी, पण ती देवापुढे ठेवतात, देव म्हणून मांडत नाहीत. मराठीत क्रियापद लिंग उघड करते, त्यामुळे रचणाऱ्याची निम्मी लपवाछपवी तेथेच संपते. कसबी माणूस त्याच अडचणीचा चाळणीसारखा उपयोग करून एकच उत्तर शिल्लक ठेवतो.

रायगड-रत्नागिरीतील शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीच्या, सामन्यांत कोड्याची जात वेगळी असते. शक्तीला श्रेष्ठ मानणारा पक्ष आणि शिवाला मानणारा तुरेवाला पक्ष एकमेकांना पुराणातील पेच घालतात. तेथे ऐकणाऱ्याच्या निरीक्षणापेक्षा पाठांतराची परीक्षा अधिक होते आणि उत्तराचा वाद पोथी उघडून मिटवता येतो. घरगुती कोड्याला अशी पोथी नसते, ऐकणाऱ्याने वस्तू हाताळलेली असावी लागते. त्यामुळे कातरलेली सुपारी विकत आणणाऱ्या घरात पहिला चरण पूजेमुळे अजून उलगडतो, दुसऱ्यात मात्र रचणाऱ्याला 'पुडीत शिरता' असे घालून पाहावे लागेल.