पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे

आज जरा स्वतःचीच चूक सांगणार आहे.

आमच्या गल्लीत पंधरा जणींचा बचत गट आहे. पेटी एकीच्या घरी, तिची किल्ली दुसरीकडे आणि ठरावबुक तिसरीकडे. बँकेतून पैसे काढायचे तर दोघींच्या सह्या. सुरुवातीला हे सगळं मीच हौसेनं ठरवलं होतं. का नाही ठरवणार? अठ्ठावीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. फळ्यावर तीन चौकोन काढायचे: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. पोरं जांभया द्यायची, मी काढत राहायची!

मग वर्षं गेली, अध्यक्षपद माझ्याकडेच राहिलं. खजिनदार बाळंतपणाला माहेरी जाताना तिच्या सह्या केलेल्या कोऱ्या स्लिपा मी घेऊन ठेवल्या. अडीअडचणीला असाव्यात म्हणून, दुसरं काही नाही. त्यातल्याच एका स्लिपवर धाकट्या जावेला पाच हजारांचं कर्ज दिलं. मीटिंग न घेता. तिला खरंच नड होती हो.

पुढे गटात नवीन आलेल्या एका सुनेनं सहज विचारलं, "बाई, वर्षभराचा हिशोब एकदा वाचायचा का?" मला झोंबलंच. माझा हिशोब वाचायचा? मी त्याच मीटिंगमध्ये ठराव लिहून घेतला : अध्यक्षांनी आजवर दिलेली कर्जं बरोबर आहेत असं समजावं, त्यावर चर्चा करू नये. सगळ्या जणी "हो हो" म्हणाल्या. चहा झाला. जाताना ती पोरगी हळूच म्हणाली, "तुमच्यावर विश्वास आहेच बाई. पण उद्या दुसरी कुणी अध्यक्ष झाली, तर तीही असाच ठराव करून घेईल ना?"

त्या रात्री झोप लागली नाही. कारण असाच एक ठराव मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला गोष्ट म्हणून सांगत आले होते.

तो 1975 सालचा. मी तेव्हा चौथीत होते. 12 जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची रायबरेलीतली 1971 ची निवड रद्द केली. निवडणुकीत सरकारी यंत्रणा वापरल्याचा ठपका होता. त्याच महिन्यात, 25 जूनच्या रात्री, आणीबाणी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सुनावणीची तारीख पडली 11 ऑगस्ट. आणि आता घाई बघा. 7 ऑगस्टला लोकसभेत 39 वी घटनादुरुस्ती मांडली आणि त्याच दिवशी मंजूरही झाली. 8 ला राज्यसभा, लगोलग राज्यांच्या विधानसभा, 10 ला राष्ट्रपतींची सही. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तेव्हा तुरुंगात होते. दुरुस्तीत काय होतं? पंतप्रधानांच्या निवडीवर कोर्टाचा अधिकार चालणार नाही, झालेली निवड वैधच आणि उच्च न्यायालयाचा निकाल रद्द!

म्हणजे माझाच ठराव की हो. फक्त मोठ्या अक्षरांत.

आता कुणी म्हणेल, संसद तर लोकांनी निवडलेली, ती काय वाट्टेल ते ठरवील. पण 1973 साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींपुढे हाच प्रश्न होता. सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमतानं ठरलं की संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. हाच धागा धरून 7 नोव्हेंबर 1975 ला पाच न्यायमूर्तींनी त्या दुरुस्तीतलं ते कलम रद्द केलं. कायदा करणं संसदेचं काम, पण अमुक एका तंट्यात कोण खरं, कोण खोटं हे ठरवणं न्यायालयाचं. आपल्या पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड त्या पाचांत होते. एकाच पदावरच्या व्यक्तीला कायद्याच्या कक्षेबाहेर बसवणं म्हणजे समानतेलाच नकार, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे वर्गात टाळ्या पडायच्या, पण मी पुढचंही सांगायची. इंदिराबाईंची निवड त्या निकालात कायमच राहिली. कारण संसदेनं मधल्या काळात निवडणुकीचा कायदाच मागच्या तारखेपासून बदलला होता आणि तो बदल न्यायालयानं मान्य केला. कुंपण असलं तरी फट सापडते ती अशी. शेवटी 1977 च्या मार्चमध्ये रायबरेलीच्या मतदारांनीच त्यांना हरवलं. पुढे 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं ते कलम पुस्तकातूनही गेलं.

हे सगळं शिकवणारी मी, आणि गटात तोच ठराव करून बसले होते!

पुढच्या मीटिंगला मीच ठरावबुक मागितलं आणि तो ठराव रद्द करायला लावला. कोऱ्या स्लिपा सगळ्यांसमोर फाडल्या. हिशोब त्या नव्या सुनेनंच वाचला. जावेचे दोन हप्ते थकलेले निघाले, नियमाप्रमाणे वीस रुपये दंड बसला. दंडाची पावती माझ्याच हातानं तिला नेऊन दिली. जाऊबाई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. हप्ता मात्र वेळेवर येतो.