सिमेंटचा नवा पाणवठा : पाणी भरण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार म्हणून सर्वश्रुत आहे. येथील काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारीची काढणी झाली, की शिवारातील ओढे-नाले आटू लागतात. मग गुराढोरांप्रमाणेच पक्षी, घोरपडी, धामणी आणि कासवे यांनाही पाण्यासाठी वणवण करावी लागते. अशा वेळी विहिरीजवळ किंवा बांधाच्या कडेला सिमेंटचा लहानसा पाणवठा बांधणे हे पुण्याचे, तसेच हिताचेही काम होय. धामण उंदीर फस्त करते. घोरपडही उंदीर व किडे खाते. ही दोन्ही शेतकऱ्याची मित्रच होत. मात्र नवा पाणवठा घाईने भरून खुला केल्यास ज्यांच्यासाठी तो बांधला, त्यांनाच अपाय होतो.

अपाय कशाने होतो?

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होत असता त्यातून चुना सुटतो आणि हौदातील पाण्यात उतरतो. पिण्याच्या पाण्याचा सामू साधारणतः ६.५ ते ८.५ असतो, ताज्या सिमेंटच्या निवळीचा सामू १२ ते १३ पर्यंत जातो. हे पाणी दिसावयास स्वच्छ असते, त्यामुळे फसगत होते. अशा पाण्यात माशांची पिले तग धरीत नाहीत. कासव तर तासन्‌तास पाण्यातच बसते; त्याचे डोळे व त्वचा यांना चुन्याचा दाह होतो.

बांधणी

काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून हौदाखालची काळी माती काढून तेथे मुरूम भरावा व तो चोपून घट्ट करावा. तळाच्या काँक्रीटसाठी एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी घ्यावी. गिलाव्यास एक भाग सिमेंटला तीन भाग धुतलेली वाळू पुरे. ५० किलोच्या पोत्यास सुमारे २५ लिटर पाणी वापरावे. पाणी अधिक झाल्यास काँक्रीट सच्छिद्र होते.

हौदाची एक बाजू अवश्य उतरती ठेवावी. एक फूट उंचीस तीन फूट लांबी असा उतार असावा. उभ्या गुळगुळीत भिंतींच्या हौदात पडलेली घोरपड किंवा कासव बाहेर येऊ शकत नाही व अखेर थकून बुडते. उतारावर पाय रोवता यावेत इतपत खरखरीतपणा असावा, परंतु अंग सोलणारी खडी वर राहू देऊ नये.

पाणी मारणे वेगळे, धुणे वेगळे

बांधकामावर पाणी मारले म्हणजे चुना निघून गेला, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. पाणी मारल्याने सिमेंटला बळकटी येते. आपल्याकडील कोरड्या हवेत हे काम दहा ते चौदा दिवस करावे. चुना काढण्याचे काम त्यानंतर सुरू होते.

हौद काठोकाठ भरून तीन-चार दिवस ठेवावा, भिंती ब्रशने घासाव्यात आणि सर्व पाणी काढून टाकावे. असे किमान तीन-चार वेळा करावे. हे पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा पिकात सोडू नये व जनावरांना पाजू नये. त्यानंतर हौद पुन्हा भरून दोन दिवसांनी सामू मोजण्याच्या कागदाने पाणी तपासावे. हौदात भरलेल्या मूळ पाण्याचा सामूही मोजावा. दोन्हींत फरक न आढळल्यास पाणवठा खुला करण्यास हरकत नाही. फरक आढळल्यास पुन्हा धुवावे. चुना लवकर जावा म्हणून तीव्र आम्ल ओतणे धोक्याचे आहे; त्याने गिलावाही खराब होतो.

माणसांनीही जपावे

ओले सिमेंट हातापायांची त्वचा भाजते. कालवताना रबरी हातमोजे व बूट वापरावेत. डोळ्यांत उडाल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे. मुलांना ओल्या कामापासून दूर ठेवावे.

कायद्याची जाणीव

पाणवठ्यावर येणारे कासव किंवा घोरपड धरून घरी पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. जखमी प्राणी आढळल्यास वनविभागास कळवावे. शहरांत हौसेने विदेशी कासवे पाळणाऱ्यांनीही त्यांचे सिमेंटचे कुंड याच रीतीने धुऊन व तपासून घ्यावे.

पाणवठा दोन दिवसांत बांधून होतो, परंतु तो निर्धोक होण्यास सुमारे एक महिना लागतो. यास्तव ज्वारीच्या काढणीची वाट न पाहता पौष-माघातच हे काम हाती घ्यावे, म्हणजे चैत्राचे ऊन तापण्यापूर्वी पाणी पिण्यायोग्य झालेले असेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात एक पाणवठा या पद्धतीने तयार करून घ्यावा आणि त्याच्या पाण्याची तपासणी शेतकऱ्यांच्या समक्ष करून दाखवावी.