डिसेंबरात गोव्याला निघालात?

परवा सांगलीच्या मित्राने विचारलं, "३ डिसेंबरला जुन्या गोव्यात एवढी गर्दी कसली?" म्हटलं, सगळ्यांनाच सांगतो.

ते सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे उत्सव. हा स्पॅनिश जेझुइट १५४२ मध्ये गोव्यात आला आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या एका बेटावर वारला. १६२२ मध्ये त्याला संतपद मिळालं. पार्थिव बॉम जेझुस चर्चमध्ये, चांदीच्या पेटीत आहे. ही पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. माझ्या मते ती नीट बघण्यासाठीच एक फेरी करावी.

फेस्ताआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना चालते. सिंधुदुर्ग, बेळगावहून लोक चालत येतात. आपली वारीच म्हणा! 'गोंयचो सायब' म्हणून हिंदूही दर्शन घेतात. जत्रेतलं आल्याचं खाजं चुकवू नका.

मग घरोघरी नाताळचे गोठे आणि चांदण्या लागतात. ३१ डिसेंबरला पोरं गवताचा, जुन्या कपड्यांचा 'म्हातारा' करतात, रस्त्यावर पैसे मागतात आणि मध्यरात्री तो जाळतात.

चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. साताऱ्याहून जाणाऱ्यांनी आणखी काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.