हॅरल्ड विल्यम्स आणि क्रांतिकाळातील रशियन शब्द

परकीयांनी रशियाविषयी लिहिलेल्या वृत्तान्तांची संख्या अल्प नाही. त्यांपैकी बहुतेक लेखकांना रशियन भाषा येत नव्हती, किंवा येत असली तर भाडे ठरविण्यापुरती येत होती. त्यामुळे त्यांच्या लिखाणात काही विपरीत आढळले की भाषेच्या अज्ञानावर त्याचे खापर फोडून आपण मोकळे होतो. हॅरल्ड विल्यम्स यांच्या बाबतीत ही सोय नाही. ते भाषापंडित होते, १९०४ च्या अखेरीपासून १९१८ च्या आरंभापर्यंतच्या काळाचा बहुतांश भाग त्यांनी रशियन लोकांत घालविला, आणि या अवधीत त्या देशाने दोन युद्धे व तीन क्रांत्या पाहिल्या. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यांच्या चरित्राकडे वळावे ते एका प्रश्नासाठी : एखाद्या समाजाची भाषा उत्तम अवगत असणे आणि त्या समाजातील सर्वांचे बोलणे कानी येणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

विल्यम्स यांचा जन्म १८७६ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. न्यू गिनीनजीकच्या डोबू भाषेत छापलेले मार्कचे शुभवर्तमान हाती येताच या मुलाने त्यावरूनच त्या भाषेचे व्याकरण व शब्दसंग्रह रचला, असे सांगतात. काही काळ स्वतः धर्मोपदेशक म्हणून काम केल्यावर ते जर्मनीस गेले आणि फिलिपाईन्समधील इलोकानो भाषेच्या व्याकरणावर म्यूनिक येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांना अठ्ठावन्न भाषा येत होत्या हा आकडा सर्वत्र उद्‌धृत केला जातो. असल्या आकड्यांवर आमच्या व्यवसायातील माणसाने फारसा विश्वास ठेवू नये. भाषा ‘येणे’ म्हणजे काय, हे ठरविल्यावाचून मोजणी कशाची करावयाची? तथापि त्यांची रशियन अस्सल होती याविषयी दुमत नाही, आणि प्रस्तुत विवेचनास तेवढे पुरे आहे.

रशियाशी त्यांचा संबंध प्रथम आला तो रशियाबाहेर. १९०२ पासून प्योत्र स्त्रूवे हे जर्मनीतील श्टुटगार्ट येथून ‘ओस्वोबोझ्देनिये’, म्हणजे ‘मुक्ती’, या नावाचे पत्र काढीत आणि ते चोरून रशियात पोहोचविले जाई. वार्ताहर म्हणून श्टुटगार्टला आलेल्या विल्यम्स यांची तेथे या निर्वासित उदारमतवाद्यांशी ओळख झाली. त्यांतच आरियाद्ना तिर्कोवा होत्या. हे पत्र फिनलंडमार्गे आत नेताना १९०३ मध्ये त्या पकडल्या गेल्या होत्या आणि शिक्षा चुकवून परदेशी निसटल्या होत्या. पुढे त्या विल्यम्स यांच्या पत्नी झाल्या. ज्या घरातून माणूस गावात शिरतो, त्या घराच्या खिडकीतून तो गाव पाहू लागतो. विल्यम्स रशियात शिरले ते या घरातून.

१९०४ च्या अखेरीस ‘मँचेस्टर गार्डियन’चे वार्ताहर म्हणून ते सेंट पीटर्सबर्गला आले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ जानेवारी १९०५ रोजी (आपल्या पंचांगाप्रमाणे २२ जानेवारी, जुने रशियन पंचांग तेरा दिवसांनी मागे होते), झारकडे अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांवर सैनिकांनी गोळीबार केला. त्याच वर्षी ते टॉलस्टॉयना भेटले. तरुणपणी विल्यम्स टॉलस्टॉयचे निष्ठावान अनुयायी होते, शाकाहारीही होते; पण राज्यघटनेची मागणी करणाऱ्या चळवळीने खरी प्रगती होणार नाही असे टॉलस्टॉय यांचे मत, आणि विल्यम्स यांचे सारे स्नेही त्याच चळवळीत. त्यांनी स्नेह्यांची वाट धरली.

ऑक्टोबर १९०५ मध्ये या स्नेह्यांचा घटनावादी लोकशाही पक्ष स्थापन झाला. त्याच्या नावाच्या ‘का’ व ‘दे’ या आद्याक्षरांवरून सभासदांना ‘कादेत’ म्हणू लागले. त्याच्या मध्यवर्ती समितीत तिर्कोवांना स्थान मिळाले. प्राध्यापक, वकील, संपादक, जिल्हा मंडळांतील जमीनदार यांचा हा पक्ष. विल्यम्स यांच्या घरी नित्य कानी पडे ती या वर्गाची रशियन. ते केवळ राजधानीत बसून राहिले असे मात्र नाही. साम्राज्याच्या सीमेवरील प्रदेशांत ते हिंडले. फिनिश, एस्टोनियन, जॉर्जियन अशा भाषा शिकले. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रशिया ऑफ द रशियन्स’ या त्यांच्या ग्रंथात वृत्तपत्रे, सुशिक्षित वर्ग, धर्मसंस्था, शेतकरी यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि हा ग्रंथ आजही वाचनीय आहे. तरीही आत राहणारा आणि आत जाऊन पाहून येणारा यांत जो भेद असतो, तो त्यांच्या दृष्टीने सुशिक्षित व शेतकरी या दोन वर्गांत राहिलाच.

हा भेद १९१७ मध्ये कसा निर्णायक ठरला, हे पाहण्यासाठी काही शब्दांकडे वळले पाहिजे. रशियनमध्ये स्वातंत्र्यास दोन शब्द आहेत. ‘स्वोबोदा’ हा हक्कांशी निगडित, कायद्याने लाभणारा. ‘वोल्या’ याचा अर्थ इच्छाही होतो आणि मोकळीकही, कोणाचाही अंमल नसलेली. १८६१ साली भूदासत्व नष्ट झाले त्याला शेतकरी ‘वोल्या’ म्हणत. सभांतील वक्ता पहिला शब्द उच्चारी तेव्हा खेड्यातील श्रोत्याच्या मनात दुसरा उमटण्याचा संभव पुष्कळ होता. राज्यसंस्थेस ‘गोसुदार्स्त्वो’ म्हणतात. हा शब्द ‘गोसुदार’ म्हणजे राजा यावरून आलेला. आपल्याकडे ‘सरकार’ हा शब्द शासनसंस्थेलाही लागतो आणि समोर बसलेल्या धन्यालाही, तशीच काहीशी ही स्थिती. राजा गेला तर ‘गोसुदार्स्त्वो’ कसे उरेल, हा खेडुताचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, तो शब्दाच्या घडणीतच होता. प्रजासत्ताक हवेच, पण त्यावर एक चांगला झार असावा, असे म्हणणाऱ्या सैनिकाची हकीकत ब्रिटिश राजदूत ब्यूकॅनन यांनी आपल्या आठवणींत दिली आहे. ती विनोद म्हणून सांगितली जाते, ती विनोद नाही.

याहून महत्त्वाचा शब्द ‘देमोक्रातिया’. कादेत मंडळींच्या लेखी ती एक शासनपद्धती होती : निवडणूक, प्रतिनिधिसभा, सर्वांना समान कायदा. १९१७ च्या रस्त्यावर मात्र हा शब्द लोकसमूहाचा वाचक बनला. ‘देमोक्रातिया’ म्हणजे कष्टकरी सामान्य जनता, आणि तिचा विरुद्धार्थी शब्द हुकूमशाही नव्हे, तर ‘बुर्झुआझिया’. त्यावरून झालेला ‘बुर्झुई’ हा शब्द तर कारखानदार, अधिकारी, विद्यार्थी, बरा पोशाख केलेला कोणीही, अशा सर्वांना शिवीसारखा लावला जाई. या अर्थाने पाहता लोकशाहीचा विजय म्हणजे एका वर्गाने दुसऱ्यास हटविणे. फेब्रुवारीत झारशाही कोसळली तेव्हा विल्यम्स यांना अत्यानंद झाला. आपल्या स्नेह्यांचे स्वप्न साकार झाले असे त्यांना वाटले. त्यांचे नेते मिल्युकोव्ह परराष्ट्रमंत्री झाले आणि मे महिन्यात त्यांना पद सोडावे लागले. दोन्ही बाजू एकच शब्द घोषीत होत्या, ही गोष्ट त्या अत्यानंदास कारणीभूत झाली असावी असे मला वाटते.

हा सर्व दोष वर्तुळाचा, असे म्हणताना थोडे थांबावयास हवे. आर्थर रॅन्सम या दुसऱ्या इंग्रज लेखकास पेट्रोग्राडमध्ये वार्ताहराचे काम मिळवून देण्यात विल्यम्स यांचाच हात होता. रॅन्समची रशियन तितकी सखोल नव्हती. परंतु ऑक्टोबरनंतर तो बोल्शेविक पुढाऱ्यांत वावरू लागला, आणि त्याला जे दिसले ते विल्यम्स यांना दिसले नाही. उलट विल्यम्स यांना जे सोसावे लागले ते रॅन्समच्या वाट्यास आले नाही. २८ नोव्हेंबर १९१७ च्या (जुन्या पंचांगाप्रमाणे) फर्मानाने कादेत पक्ष ‘लोकशत्रूंचा पक्ष’ ठरला. पुढील जानेवारीत शिंगार्‌योव्ह व कोकोश्किन हे त्या पक्षाचे दोन माजी मंत्री रुग्णालयातील खाटांवर नाविकांकडून मारले गेले. ही नावे विल्यम्स यांच्यासाठी वृत्तपत्रातील नावे नव्हती. दोघा मित्रांत पडलेल्या अंतराची मीमांसा केवळ मतभेद म्हणून करणे मला अपुरे वाटते.

१९१८ च्या आरंभी विल्यम्स पतीपत्नी इंग्लंडला आली. बोल्शेविकांविरुद्ध परकीय हस्तक्षेप व्हावा म्हणून विल्यम्स यांनी लेखणी झिजविली, १९१९ मध्ये डेनिकिनच्या ताब्यातील दक्षिण रशियात जाऊन बातम्या पाठविल्या; मार्च १९२० मध्ये नोवोरोसीस्क बंदर पडले आणि तो अध्याय संपला. १९२२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२८ पर्यंत, ते ‘टाइम्स’चे परराष्ट्र संपादक होते.

त्यांचे विस्तृत चरित्र तिर्कोवांनी १९३५ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. अभ्यासकाला त्याचा आधार घेतल्यावाचून गत्यंतर नाही, आणि अडचण तीच आहे. ज्या वर्तुळातून विल्यम्स यांनी रशिया ऐकला, त्याच वर्तुळातील, त्यांच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीच्या लेखणीतून ते आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांच्या प्रत्यक्ष बातमीपत्रांतील शब्दयोजना, विशेषतः मार्च ते नोव्हेंबर १९१७ या महिन्यांत ‘लोक’, ‘जमाव’ आणि ‘लोकशाही’ यांसाठी त्यांनी कोणते इंग्रजी शब्द केव्हा वापरले, याची पडताळणी या चरित्राशेजारी ठेवून व्हावयास हवी. ती हाती घेण्याजोगे काम आहे.